धन्य हन्ना ख्शानोव्स्का : रुग्णसेविका आणि गुरुमाउली

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सव-सप्ताहांत, आजाऱ्यांसाठीं राखून ठेविलेल्या चौथ्या दिवशीं, मिस्सानंतर प्रमुख धर्मगुरूंनीं देवालयांत केलेलें भाषण)

प्रिय धर्मबंधूंनो व धर्मभगिनींनो, आणि विशेषेंकरून आज कोणी चाकांच्या खुर्चींत बसून, तर कोणी मुलानातवंडांच्या खांद्यावर हात ठेवून येथवर आलेल्या माझ्या वडील मंडळींनो,

आपल्या धर्मग्रामास यंदा पन्नास वर्षें पूर्ण झालीं. गेले तीन दिवस आपण आपल्या उपकारकर्त्यांचें स्मरण करीत आहों. ज्यांनीं आपल्या वाडीचा तुकडा देवालयासाठीं दिला, ज्यांनीं दिवसभर शेतांत राबून रात्रीं कंदिलाच्या उजेडांत विटा वाहिल्या, ज्या शिक्षकांनीं व धर्मभगिनींनीं आपल्या मुलांस अक्षरओळख करून दिली, त्या सर्वांचे आपण आभार मानिले; आणि तें योग्यच झालें. आजचा दिवस आजाऱ्यांचा. ह्या दिवशीं कोणाचें चरित्र सांगावें असा प्रश्न मजपुढें उभा राहिला, तेव्हां मला फार शोधाशोध करावी लागली नाहीं. पोलंड देशांतील एका परिचारिकेचें नांव आपोआप ओठांवर आलें. हन्ना ख्शानोव्स्का हें तें नांव. आडनांव आपल्या जिभेस अवघड आहे; पण पहिलें नांव आपणांस परकें नाहीं. शमुवेल संदेष्ट्याच्या आईचें नांव हन्ना, आणि बाळ येशूस मंदिरांत पाहून देवाची स्तुति करणाऱ्या वृद्ध विधवेचें नांवही हन्नाच. म्हणून मी आज त्यांना हन्नाबाई असेंच म्हणणार आहें.

एवढ्या दूरच्या बाईचें चरित्र आम्हांस कशाला, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं मला एक कबुली द्यावयाची आहे. धर्मगुरू वर्षानुवर्षें इतरांचें पापनिवेदन ऐकतो; आज थोडा वेळ आपण त्याचें ऐका.

कित्येक वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. मी तेव्हां दुसऱ्या एका धर्मग्रामांत सेवेस होतों. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं ख्रिस्तशरीर घेऊन मी आजाऱ्यांच्या घरीं जात असें. एका घरीं एक आजीबाई अर्धांगानें अंथरुणास खिळून होत्या. घर स्वच्छ, माणसें भाविक, सून सुशील. मी जाण्यापूर्वीं खाटेशेजारच्या मेजावर पांढरें वस्त्र अंथरलेलें असे. त्यावर क्रूस आणि दोन मेणबत्त्या मांडलेल्या असत. आजी ख्रिस्तशरीर स्वीकारीत, आणि त्यांच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा लागत. मला वाटे, केवढा हा पश्चात्ताप, केवढी ही भक्ति! मी आशीर्वाद देऊन दहा मिनिटांत पुढल्या घराकडे वळत असें. असे सात-आठ महिने गेले.

एके शुक्रवारीं त्याच गांवांतील एक निवृत्त परिचारिका मजबरोबर आल्या. प्रार्थना झाली, मी उठलों. त्या मात्र उठल्या नाहींत. त्यांनीं आजीच्या कपाळावर हात ठेविला, मग हळूच पाठीखालीं हात सारला, आणि मला म्हणाल्या, "फादर, जरा बाहेर थांबतां का?" अर्ध्या तासानें त्यांनीं मला हांक मारिली. आजी कुशीवर निजल्या होत्या, पाठीस उशीचा टेका होता, चादरीवर एक सुरकुती नव्हती. आणि इतक्या महिन्यांत प्रथमच त्यांचे डोळे कोरडे होते. परत येतांना वाटेंत त्या बाई म्हणाल्या, "फादर, आजी रडत होत्या त्या पापांसाठीं नव्हे, पाठीसाठीं. कमरेखालीं तळहाताएवढी जखम आहे."

बंधुभगिनींनो, त्या दिवशीं मला जी लाज वाटली ती अद्याप ओसरलेली नाहीं. त्या घरांत मायेची वाण नव्हती. सून रोज आजीचें तोंड धूत होती, पेज भरवीत होती, जपमाळ म्हणत होती. पण अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनीं बदलावी लागते, कातडी धुऊन लगेच कोरडी करावी लागते, चादरीची घडी व सुरकुती हीसुद्धां कातडीस कापते, टांचांखालीं मऊ आधार द्यावा लागतो, हें तिला कोणीं शिकविलें नव्हतें. मलाही कोणीं शिकविलें नव्हतें. सेमिनरींत मी तत्त्वज्ञान शिकलों, ईशज्ञान शिकलों, रुग्णाभ्यंगाचा संस्कार कसा द्यावा हें शिकलों. पण ज्या देहास मी पवित्र तेल लावीत होतों, तो देह चादरीखालीं कसा आहे हें पाहाण्याची दृष्टि मला नव्हती.

माया हृदयांत उपजते. शुश्रूषा शिकावी लागते. हें एक वाक्य आपण घरीं घेऊन गेलां, तर माझें आजचें भाषण सार्थकीं लागलें. आणि हन्नाबाईंचें सारें आयुष्य म्हणजे ह्याच एका वाक्याचा विस्तार आहे.

त्यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९०२ रोजीं वॉर्सा शहरीं झाला. पोलंड तेव्हां स्वतंत्र नव्हता. शेजारच्या तीन साम्राज्यांनीं तो आपसांत वांटून घेतला होता. वॉर्सा रशियाकडे, तर क्राकूव ऑस्ट्रियाकडे होतें. हन्नाबाईंचे वडील इग्नात्सी ख्शानोव्स्की हे पोलिश वाङ्मयाचे नामांकित पंडित. मातोश्री वांदा ह्या श्लेंकर नांवाच्या श्रीमंत कारखानदार घराण्यांतील, पंथानें प्रॉटेस्टंट. १९१० सालीं वडिलांस क्राकूवच्या प्राचीन यागेलोनियन विद्यापीठांत प्राध्यापकाची जागा मिळाली, आणि कुटुंब तेथें राहावयास गेलें. लहानपणीं हन्नाबाईंची प्रकृति नाजूक असे. रुग्णालय आतून कसें दिसतें, रात्र किती लांब असते, हें त्यांनीं बालपणींच खाटेवरून पाहिलें.

ह्या घरांत पुस्तकें होतीं, पैसा होता, आणि दानधर्माची जुनी परंपराही होती. विशेषतः त्यांची मावशी झोफिया ही विलक्षण बाई. तिनें घरच्या पैशानें वॉर्सांत मुलांसाठीं रुग्णालय उभारलें. पण तेवढ्यावर ती थांबली नाहीं. तिनें स्वतः परिचर्येचें शिक्षण घेतलें, आणि पुढें ती परिचारिकांच्या शाळेची प्रमुख झाली. श्रीमंत माणूस देणगी देतो आणि संगमरवरी पाटीवर आपलें नांव पाहून संतुष्ट होतो. ही बाई देणगी देऊन विद्यार्थिनी झाली. भाचीच्या मनावर ह्याचा ठसा उमटला नसता तरच नवल.

क्राकूवांत उर्सुलाइन धर्मभगिनींच्या शाळेंत हन्नाबाईंचें शिक्षण झालें. १९२० सालीं शाळा संपली, तेव्हां नुकताच स्वतंत्र झालेला पोलंड बोल्शेविक रशियाशीं लढत होता. हन्नाबाईंनीं लहानसा अभ्यासक्रम पुरा करून जखमी सैनिकांची सेवा केली. पुढें त्यांनीं वडिलांच्याच विद्यापीठांत वाङ्मयाचा अभ्यास सुरू केला. लेखणी त्यांना अनुकूल होती. पुढें त्यांनीं दोन कादंबऱ्याही लिहिल्या. पंडिताची कन्या पंडिता व्हावी हेंच सर्वांस साहजिक वाटलें असावें. परंतु १९२२ सालीं त्या विद्यापीठ सोडून वॉर्सा येथें आदल्याच वर्षीं उघडलेल्या परिचारिकांच्या शाळेंत दाखल झाल्या.

ह्या निर्णयाचें मोल आज आपणांस चटकन समजणार नाहीं. आपल्या वसईच्या वाड्यांतून कित्येक मुली परिचारिका झाल्या. त्यांच्या मिळकतीवर भावंडांचीं शिक्षणें झालीं, घरांवर कौलें चढलीं. आणि २०२० सालच्या साथींत त्यांनीं काय केलें हें सर्वांनीं पाहिलें. पण शंभर वर्षांपूर्वीं आजाऱ्याचें भांडें उचलणें हें मोलकरणीचें, नाहीं तर मठांतील भगिनींचें काम समजलें जाई. शिकल्यासवरल्या घरच्या मुलीनें तें आपला व्यवसाय म्हणून, अभ्यासपूर्वक पत्करावें, ही कल्पनाच नवी होती.

१९२४ सालीं त्या शाळेंतून उत्तीर्ण झाल्या. मग शिष्यवृत्ति मिळवून त्या फ्रान्सांत गेल्या, बेल्जममधील पद्धतीही त्यांनीं पाहिल्या, आणि १९२६ ते १९२९ पर्यंत क्राकूवच्या विद्यापीठाच्या परिचारिका-शाळेंत त्यांनीं शिकविण्याचें काम केलें. १९२९ पासून महायुद्ध सुरू होईपर्यंत, म्हणजे पुरीं दहा वर्षें, "पोलिश परिचारिका" नांवाच्या मासिकाचें संपादन त्यांच्याकडे होतें. वाङ्मय सोडून आलेल्या मुलीची लेखणी देवानें वायां जाऊं दिली नाहीं. दूरच्या गांवीं एकटी काम करणारी परिचारिका जें शिकून विसरली असेल, किंवा जें तिला कोणीं शिकविलेंच नसेल, तें महिन्याच्या महिन्यास तिच्या हातीं पडावें, ह्यासाठीं ती लेखणी चालली. १९३५ सालीं पोलंडांत परिचर्येविषयीं कायदा झाला. परिचारिका म्हणवून घेण्यास कोणती पात्रता लागते हें त्यानें ठरविलें. त्या कायद्याच्या तयारींतही त्यांचा हात होता. १९३७ सालीं कॅथॉलिक परिचारिकांचा संघ निघाला, त्यांतही त्या होत्या.

कायदा, मासिक, अभ्यासक्रम, हे शब्द ऐकून आपणांस वाटेल, ह्यांत पुण्य तें कोणतें? बंधूंनो, एका परिचारिकेचे हात दिवसांत किती रुग्णांपर्यंत पोंचणार? पण शंभर मुलींस शिकविणारी शिक्षिका हजारों अंथरुणांपाशीं उभी असते. रात्रीं दोन वाजतां कोठें तरी एक मुलगी उठून आजाऱ्याची कूस बदलते, तेव्हां तिच्या हातांत तिच्या शिक्षिकेचे हात असतात. माझ्या त्या आजीच्या सुनेस असे हात मिळाले नव्हते, एवढेंच काय तें उणें होतें.

आतां चरित्रांतील कठीण काळाकडे वळूं. १९३९ च्या सप्टेंबरांत जर्मनीनें पोलंडवर स्वारी केली. वॉर्साच्या वेढ्यांत मावशी झोफिया मृत्यु पावली. ६ नोव्हेंबर रोजीं जर्मनांनीं क्राकूवच्या प्राध्यापकांस व्याख्यानाच्या मिषानें विद्यापीठांत बोलाविलें, आणि शंभराहून अधिक विद्वानांस तेथल्या तेथें पकडून नेलें. त्यांत सत्तरी उलटलेले इग्नात्सी ख्शानोव्स्की होते. बर्लिनजवळील साक्सेनहाउसेनच्या छळछावणींत १९४० च्या जानेवारींत त्यांचा अंत झाला. त्याच वर्षीं रशियनांच्या हातीं सांपडलेल्या पोलिश अधिकाऱ्यांची काटीन येथें कत्तल झाली. त्यांत हन्नाबाईंचा एकुलता भाऊ बोगदान हा होता. थोडक्या महिन्यांच्या अवधींत मावशी, पिता व बंधु असे तिघे गेले. आणि पिता व बंधु यांस तर शत्रूच्या हातून मरण आलें.

अशा वेळीं माणूस काय करतो? कोणी सूडाचा विचार करतो, कोणी दार लावून बसतो. हन्नाबाई क्राकूवच्या मदत-समितीच्या कामांत शिरल्या. घरांतून हांकलून दिलेले निर्वासित शहरांत लोटत होते. त्यांच्या राहाण्याची सोय, आजाऱ्यांची व्यवस्था, अनाथ मुलांसाठीं घरें शोधणें, हें सारें त्यांनीं परिचारिकांचें जाळें विणून चालविलें. त्या मुलांत यहुदी मुलेंही होतीं. त्यांस आसरा देणें म्हणजे त्या काळीं आपल्या प्राणावर उदार होणें होय. आपणांस हें सारें फार दूरचें वाटूं नये. त्याच महायुद्धांत रशियांत हद्दपार झालेल्या पोलिश लोकांपैकीं सुमारें पांच हजार माणसें, बहुतेक बायकामुलेंच, १९४३ पासून १९४८ पर्यंत आपल्या कोल्हापुराजवळ वळिवडे गांवीं आश्रयास राहिलीं होतीं. ज्या दुःखाशीं हन्नाबाई क्राकूवांत झुंजत होत्या, त्याचाच एक ओघ पंचगंगेच्या कांठीं येऊन पोंचला होता.

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हन्नाबाई बालपणापासून संत होत्या असें नाहीं. तरुणपणीं धर्माविषयीं त्यांचें मन उदासीन होतें. श्रद्धा त्यांच्या ठायीं हळूहळू वाढली, आणि दुःखाच्या ह्या वर्षांत ती खोल रुजली. पुष्कळांची श्रद्धा दुःखानें करपते. ह्यांची दुःखांत पिकली. आपल्यांपैकीं कोणाच्या घरीं तरुण मुलें आज देवालयापासून दूर असतील, तर त्या आईबापांनीं धीर सोडूं नये. सेवेच्या वाटेनें चाललेला मनुष्य आज ना उद्यां प्रभूच्या दारीं येतोच.

महायुद्ध संपलें. १९४५ सालीं क्राकूवची परिचारिका-शाळा पुन्हां उभी राहिली, आणि तेथें समाजांत, घराघरांतून करावयाच्या शुश्रूषेचा विभाग हन्नाबाईंकडे आला. १९४६-४७ मध्यें अमेरिकेस जाऊन त्यांनीं घरोघरच्या शुश्रूषेची तेथील पद्धति अभ्यासिली. तेथून त्या परतल्या, त्या एक पक्का विचार घेऊन. रुग्णालय कितीही मोठें असलें तरी आजार संपतो तो घरीं. आणि जो आजार संपतच नाहीं, तो तर सर्वस्वीं घरींच राहातो. म्हणून त्या आपल्या विद्यार्थिनींस शहरांतील अंधाऱ्या तळघरांत व माळ्यांवर घेऊन जात. रुग्णालयांत तापलेलें पाणी, उकळलेलीं भांडीं, धुतलेल्या चादरी हातीं येतात. गरिबाच्या खोलींत ह्यांपैकीं कांहींच नसतें, आणि तरीही आजारी माणूस स्वच्छ व सुखांत राहिला पाहिजे. तेथेंच परिचारिकेची खरी परीक्षा. पुढें १९६० सालीं ह्याच विषयावर त्यांचें पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झालें.

पोलंडांत आतां कम्युनिस्ट राजवट होती. धर्मसभेच्या दानधर्माच्या संस्थांवर सरकारची दृष्टि होती. १९५० सालीं 'कारितास' ही तिची मोठी संस्था सरकारनें आपल्या ताब्यांत घेतली. अशा दिवसांत, १९५६ सालीं, हन्नाबाईंनीं त्यनेत्स येथील बेनेडिक्टाइन मठाच्या प्रापंचिक सभासद होऊन संत बेनेडिक्टचा नियम पत्करला. १९५७ सालीं कोब्येझिन येथील मनोरुग्णांच्या परिचर्येची शाळा त्यांच्या हातीं देण्यांत आली. ती शाळाही पुढल्याच वर्षीं बंद झाली, आणि वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं त्या मुदतीपूर्वींच निवृत्त झाल्या.

सरकारी कागदांत त्यांचें काम येथें संपलें. माझ्या मतें त्यांचें सर्वांत मोठें कार्य येथूनच वाढीस लागलें.

इतक्या वर्षांच्या अनुभवानें त्यांना दिसून आलें होतें कीं, दीर्घ दुखण्यानें पडलेली माणसें कोणाच्याच हिशेबांत नाहींत. रुग्णालय म्हणतें, हे बरे होणारे नव्हेत. शेजारी म्हणतात, यांना घरचीं माणसें आहेत. घरचीं माणसें दमलेलीं असतात, किंवा नसतातच. मग हीं माणसें कोणाचीं? हन्नाबाईंनीं उत्तर दिलें : हीं धर्मग्रामाचीं. जेथें त्यांचें नांव स्नानसंस्काराच्या वहींत लिहिलेलें आहे, तेथेंच त्यांच्या शुश्रूषेची जबाबदारीही लिहिलेली आहे. हा विचार घेऊन त्या एका तरुण धर्मगुरूंकडे गेल्या. त्यांचें नांव फादर कारोल वोयतिवा. होय, तेच, जे पुढें १९७८ सालीं पोप दुसरे जॉन पॉल झाले. त्यांनीं विचार उचलून धरिला, आणि हन्नाबाईंस क्राकूवच्या मारियामातेच्या मोठ्या देवालयाचे प्रमुख धर्मगुरू फादर फेर्दिनांद माखाय यांच्याकडे जाण्यास सांगितलें. फादर माखाय यांनीं आपल्या धर्मग्रामाचें दार उघडलें, पैशाचें पाठबळ दिलें, आणि १९५७ सालीं धर्मग्रामाच्या शुश्रूषेस प्रारंभ झाला.

तिची रीत साधी होती. प्रथम आजारी शोधावयाचे; कारण जो खरोखर पडलेला आहे तो देवालयाच्या दारापर्यंत येऊन आपलें गाऱ्हाणें सांगूं शकत नाहीं. मग शिकलेल्या परिचारिकेनें त्याच्या घरीं जाऊन त्याला काय हवें तें ठरवावयाचें. जखम धुणें, पट्टी बांधणें हें तिचें काम. आंघोळ घालणें, जेवूं घालणें, खोली झाडणें, वाचून दाखविणें, बाजारहाट करणें, ह्यांसाठीं धर्मभगिनी, विद्यार्थी आणि इतर स्वयंसेवक येत; पण त्यांनाही आधीं शिकविलें जाई. नुसता उत्साह घेऊन कोणास आजाऱ्याच्या अंगास हात लावूं दिला जात नसे. एका धर्मग्रामांतून हें काम दुसऱ्यांत गेलें, आणि पाहातां पाहातां क्राकूवच्या अनेक धर्मग्रामांत पसरलें.

वर्षानुवर्षें चार भिंतींबाहेर न पडलेल्या आजाऱ्यांसाठीं हन्नाबाईंनीं त्शेब्यन्या गांवीं तपसाधनेचे दिवस भरविले. ज्यांनीं कित्येक वर्षांत आकाश पाहिलें नव्हतें, त्यांस उचलून गाडींत घालून तेथें नेलें जाई. तेथें त्यांस प्रार्थना मिळे, आणि मित्रही मिळत. त्यांच्याच खटपटीनें आजाऱ्यांच्या खोल्यांत मिस्सा अर्पण होऊं लागला. फादर वोयतिवा १९५८ सालीं बिशप, १९६४ सालीं आर्चबिशप व १९६७ सालीं कार्डिनल झाले. तरी धर्मग्रामांच्या भेटीस निघाले म्हणजे ते आजाऱ्यांच्या घरीं जात, आणि वाट दाखविण्यास हन्नाबाई बरोबर असत.

मंडळी, १९८६ सालच्या फेब्रुवारींत पोप दुसरे जॉन पॉल मुंबईस आले, तेव्हां मी शाळकरी मुलगा होतों. गर्दींतून मला दिसला तो दूरवरचा एक पांढरा ठिपका. पुढें त्यांनींच १९९२ सालीं सर्व जगासाठीं आजाऱ्यांचा दिवस नेमून दिला. लूर्द्झच्या मातेच्या सणाच्या दिवशीं, ११ फेब्रुवारीस, आपण तो पाळतों. आणि २२ मे १९९८ रोजीं आपला वसई धर्मप्रांत स्थापन झाला तोही त्यांच्याच आज्ञेनें. ज्या हातानें आपल्या धर्मप्रांताच्या स्थापनापत्रास मान्यता दिली, तो हात क्राकूवच्या तळघरांतून आजाऱ्यांच्या हातांत होता, आणि त्याला तेथें नेणारी एक निवृत्त परिचारिका होती. आतां तरी आपण हन्नाबाईंस परकें म्हणूं नये.

१९६५ सालीं पोप सहावे पॉल यांनीं त्यांना पदक देऊन त्यांच्या सेवेचा गौरव केला. लगेच पुढल्या वर्षीं त्यांस कर्करोग असल्याचें निदान झालें. जिनें आयुष्यभर इतरांस अंथरुणावर सांवरलें, तिच्यावर आतां स्वतः त्या अंथरुणावर निजण्याची पाळी आली. तरी शक्य होतें तोंवर त्यांनीं काम सोडलें नाहीं. २९ एप्रिल १९७३ रोजीं क्राकूव येथें त्यांचें देहावसान झालें. अंत्यविधि कार्डिनल वोयतिवा यांनींच केला, आणि प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत ज्या दयावंतांस धन्य म्हटलें त्यांचें मूर्तिमंत रूप म्हणून त्यांनीं हन्नाबाईंचे आभार मानिले. १९९८ सालीं, म्हणजे आपल्या धर्मप्रांताच्याच जन्मवर्षीं, त्यांस संतपदाच्या मार्गावर नेणारी चौकशी सुरू झाली. आणि २८ एप्रिल २०१८ रोजीं क्राकूवच्या दैवी दयेच्या मंदिरांत त्यांना धन्य म्हणून घोषित करण्यांत आलें.

आतां थोडें आपल्याविषयीं. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण सर्वांनीं शेंकडों वेळां ऐकला आहे, आणि मीही त्यावर पुष्कळदां प्रवचन केलें आहे. त्या वाटसरूचें हृदय द्रवलें, येथेंच आपण सगळे प्रवचनकार थांबतों. पण संत लूकनें पुढें काय लिहिलें आहे तें पाहा. त्या माणसानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्या बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसविलें, उतारशाळेंत नेऊन रात्रभर संभाळिलें, आणि सकाळीं निघतांना पुढल्या शुश्रूषेसाठीं पैसे मोजून दिले. म्हणजे त्याला काय करावें तें ठाऊक होतें, सामान त्याच्याजवळ होतें, आणि आपल्या पाठीमागें कोण करील ह्याची त्यानें तजवीज केली. दया, विद्या आणि तजवीज, हीं तीनही तेथें आहेत. आपण दयेवर प्रवचनें दिलीं. उरलेलीं दोन परिचारिकांवर सोंपवून मोकळे झालों.

गेल्या दोन महिन्यांत मी आणि आपल्या धर्मग्रामांतील दोन वडीलधाऱ्या परिचारिका घरोघर फिरलों. अंथरुण न सोडूं शकणाऱ्यांचीं तेवीस नांवें माझ्या वहींत आहेत. त्यांतील सहा घरीं सांभाळणारें माणूस स्वतःच सत्तरीच्या पुढचें आहे. आणि चार घरीं मला तीच जखम दिसली, जी मी एकदां सात-आठ महिने पाहूं शकलों नव्हतों. मुलें परदेशीं आहेत, पैसे नियमित येतात, फोनही येतो. पण कूस बदलावयास फोन येऊं शकत नाहीं.

म्हणून ह्या महोत्सवाच्या निमित्तानें माझें आपणांपाशीं मागणें आहे. घंटाघर बांधावें असा आपल्या समितीचा मनोदय आहे, आणि मला घंटा फार प्रिय आहेत. पण घंटाघर दोन वर्षें थांबूं शकतें. फाटलेली पाठ दोन दिवस थांबूं शकत नाहीं. महोत्सवाच्या निधींतून प्रथम एका शिकलेल्या परिचारिकेस योग्य पगार देऊन नेमावें. तिनें फुकट राबावें असें कोणी सुचवूं नये, कारण त्या शोमरोन्यानेंही उतारशाळेच्या धन्यास पैसे मोजून दिले. हवेच्या गाद्या, चाकांच्या खुर्च्या, अंथरुणावर वापरावयाचीं भांडीं सभागृहाच्या एका खोलींत ठेवावीं, आणि ज्यास गरज त्यानें न लाजतां न्यावीं. तिसरें, पुढल्या आठ रविवारीं मिस्सानंतर आपल्या निवृत्त परिचारिका आपणांस शिकवितील : कूस कशी बदलावी, पाठ कशी पाहावी, अंथरुणावरील माणसास न हलवितां चादर कशी बदलावी, गिळतां न येणाऱ्यास कसें भरवावें. सुनांनींच यावें असें नाहीं. मुलांनीं यावें, जांवयांनीं यावें. देवानें शुश्रूषा फक्त बायकांच्या हातांसाठीं निर्मिलेली नाहीं. पहिल्या बाकावर पहिला विद्यार्थी म्हणून मी बसणार आहें.

माझ्या त्या आजींचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. त्या परिचारिकाबाई रोज जाऊं लागल्या. आठवडाभरांत सून शिकली, आणि पंधरा दिवसांत नातूसुद्धां शिकला. तीन महिन्यांत जखम भरून आली. पुढल्या वर्षीं आजी प्रभूकडे गेल्या. त्यापूर्वींच्या पहिल्या शुक्रवारीं मी ख्रिस्तशरीर घेऊन गेलों, तेव्हां त्यांनीं तें शांतपणें स्वीकारिलें, आणि मजकडे पाहून त्या हंसल्या. इतक्या महिन्यांत त्यांना नीट प्रार्थना करावयास आम्हीं प्रथमच सवड दिली होती.

हे प्रभो येशू ख्रिस्ता, तूं आजाऱ्यांच्या अंगास हात लावलास. आमच्या हातांसही तो स्पर्श शिकीव. धन्य हन्ना यांच्या विनवणीनें आमच्या परिचारिकांस बळ दे, आमच्या आजाऱ्यांस विसांवा दे, आणि पुढल्या पन्नास वर्षांत ह्या धर्मग्रामांत एकही जीव आपल्या वेदनेंत एकटा पडूं देऊं नकोस.

देव आपणां सर्वांचें कल्याण करो. आमेन.